पोकरच्या विजेत्याची वंशावळ

मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर एक बातमी वर्षानुवर्षे छापून येते. झाडाखाली किंवा शेतातल्या शेडमध्ये काही जण तिर्रट नावाचा जुगार खेळत होते, पोलिसांनी छापा टाकला, पत्त्यांचा कॅट, रोख रक्कम, मोबाइल आणि दुचाक्या असा मुद्देमाल जप्त केला, जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ (अ) खाली गुन्हा नोंदवला. सिल्लोडच्या वाचकाला यात नवे काही वाटत नाही. अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशात गेले, तर आखाजीला पत्ते कुटणे हा सणाचाच भाग मानला जातो.

जून २०२४ मध्ये पत्त्यांचीच आणखी एक बातमी आली. बंगळुरूच्या संतोष सुवर्णा यांनी लास वेगासमध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधली एक स्पर्धा जिंकली. प्रवेश फी अडीच लाख डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या वर. पहिले बक्षीस ५४,१५,१५२ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ४५ कोटी रुपये. शिवाय विजेत्याला मिळते ते सोन्याचे ब्रेसलेट, त्यांचे दुसरे.

पत्ते तेच बावन्न. मग एकाचे नाव गुन्ह्याच्या नोंदीत आणि दुसऱ्याचे विजेत्यांच्या यादीत, ही फारकत कधी झाली? त्याचा माग काढायला लास वेगासच्या आधी सिल्लोडहून जळगावकडे जाणारा रस्ता धरावा.

या रस्त्याने अजिंठा गाव ओलांडून घाट उतरला की फर्दापूर आणि लेणी. क्रमांक २ च्या लेण्यात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या वाकाटककालीन चित्रांत, विधुरपंडित जातकाची कथा आहे. झोपाळ्यावरची नागकन्या इरंदती सगळ्यांच्या लक्षात राहते. त्याच कथेत फाशांचा डावही आहे. पुन्नक यक्षाला इरंदती हवी आहे आणि त्यासाठी कुरुराजाचा शहाणा मंत्री विधुर जिंकून न्यायचा आहे. तो दरबारात येतो, दिव्य रत्न आणि घोडा पणाला लावतो. राजा खेळाचा शौकीन. पण फासे टाकण्यापूर्वी तो एक गोष्ट बोलून ठेवतो: माझा देह, माझी राणी आणि माझे श्वेतछत्र सोडून बाकी सारे पणाला. राजा हरतो, विधुर जातो, पण राजा, राणी आणि राज्य वाचते.

याच्या शेजारी युधिष्ठिराचा डाव ठेवून पाहावा. तिथे अशी रेघ कोणीच ओढली नव्हती, म्हणून भाऊ गेले, स्वतः गेला, द्रौपदी गेली. दोघेही राजे हरलेच. फरक एवढाच की एकाने बसण्याआधी ठरवले होते, कुठे थांबायचे. पुढच्या दीड हजार वर्षांत या खेळाचे जे काही झाले, त्याचे बीज मला या एका वाक्यात दिसते.

दुसरे बीज विदर्भाच्या वाटेवरचे आहे. नळ राजा पुष्कराकडून द्यूतात राज्य हरला आणि बाहुक नावाने ऋतुपर्णाचा सारथी झाला. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून दोघे विदर्भाकडे निघाले असताना ऋतुपर्णाने वाटेतला बेहडा दाखवला आणि त्याच्या फांद्यांवर पाने किती, फळे किती, हे रथातूनच सांगितले. नळाने रथ थांबवून, झाड तोडून फळे मोजली. आकडा बरोबर निघाला. मग अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्णाने त्याला अक्षहृदय ही फाशांची विद्या दिली. बेहड्याचीच फळे प्राचीन काळी फासे म्हणून वापरत, त्यामुळे ही गोष्ट त्या झाडाखाली घडावी हे योग्यच. थोडे पाहून सगळ्याचा अंदाज बांधायचा, ही विद्या फाशांच्या खेळातही चालते, हे महाभारतकाराला ठाऊक होते. ही कथा बृहदश्व ऋषी सांगतो ती वनवासातल्या युधिष्ठिराला, आणि कथा संपल्यावर तीच विद्या त्यालाही शिकवतो. सारे हरल्यावर शिकवतो, हे मला फार जिव्हारी लागते.

पत्ते आपल्याकडे उशिरा आले. जून १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आईन-ए-अकबरीतही या खेळाचे वर्णन आहे. मोगल गंजिफ्यात ८ रंग आणि ९६ पाने; दशावतारी गंजिफ्यात १० अवतारांचे १० रंग, प्रत्येकी १२ पाने, एकूण १२०. सावंतवाडीच्या चितारींनी ही परंपरा जपली. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून कडक करायचे, गोल कापायचे, वर लाखेचा हात देऊन मासा, कासव, वराह रंगवायचे. १९७० च्या दशकात ही कला विझत आली होती. पुंडलिक चितारी हे जुने कलाकार हाताशी होते, म्हणून राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांना ती राजवाड्यात पुन्हा सुरू करता आली.

खेळ हात जिंकण्याचा. दिवसा डाव असेल तर रामाच्या पानाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या. एकशेवीस पानांतली कोणती पडली आणि कोणती कोणाच्या हातात उरली, हे ज्याच्या डोक्यात राहील तो जिंकणार. दशावतारांची नावे तोंडी घेत घराघरांत हा खेळ चाले. ऋतुपर्णाची मोजणी इथे पानांत उतरली.

पोकर मात्र मिसिसिपी नदीवरच्या बोटींतून पसरला. न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात १९व्या शतकाच्या सुरुवातीला तो २० पानांनी खेळत. ५२ पाने नंतर आली. इराणमधला आस-नास हा २०-२५ पानांचा खेळ त्याचा पूर्वज, असे अमेरिकेत बरीच वर्षे मानत होते. तसे असते तर पोकर आणि गंजिफा एका इराणी घरातले ठरले असते. पण आस-नासचे पुरावे १९व्या शतकाच्या मागे जात नाहीत, म्हणून अभ्यासकांनी हे नाते सोडून दिले. फ्रेंच पोक आणि इंग्रजी ब्रॅग या खेळांचे रक्त मात्र पोकरमध्ये आहे. तीन पानांचा ब्रॅग इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आला आणि त्याची तीनपत्ती झाली. ब्लाइंड, चाल, पॅक, शो, सिक्वेन्स, कलर. मराठवाड्यातला तिर्रट हा याच कुळातला. म्हणजे लास वेगासचे टेबल आणि लिंबाखालचे घोंगडे हे चुलत भाऊच.

भावांमध्ये फरक पडला तो १९७० नंतर. त्याआधी पोकर खेळून नाव कमावणारे नव्हते असे नाही, पण ते गावोगाव फिरून, ओळखीच्या श्रीमंतांकडून पैसे जिंकणारे, पिस्तूल आणि पोलीस या दोघांनाही भिऊन असणारे लोक होते. १९७० मध्ये बेनी बिनियन याने लास वेगासच्या आपल्या हॉर्सशू कॅसिनोत अशा काही जणांना बोलावले. कित्येक दिवस खेळ झाला आणि विजेता चक्क मतदानाने ठरवला: जॉनी मॉस. पुढच्या वर्षी पद्धत बदलली. सगळ्यांनी सारखी फी भरायची, सगळ्यांना सारख्या चिप्स, त्या संपल्या की उठायचे. एकाकडे सगळ्या चिप्स येईपर्यंत खेळ. १९७१ ला फी ५,००० डॉलर होती, १९७२ ला १०,००० झाली. वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेची फी आजही तीच आहे.

कुरुराजाचे ते वाक्य इथे नियम झाले. फी भरली की त्यापलीकडे खिशात हात घालायचा नाही. शेत, घर, बायकोचे दागिने टेबलावर येऊच शकत नाहीत. विजेता नावाची व्यक्ती या नियमातून जन्मली, कारण आता कोण जिंकला हे मोजता येऊ लागले, पेपरात छापता येऊ लागले, दरवर्षी तुलना करता येऊ लागली. (आता अनेक स्पर्धांत पुन्हा फी भरून परत बसता येते. माझ्या मते त्या सवलतीने मूळ नियमाचा जीवच काढून घेतला.)

पण नियम टेबलापुरता असतो. हे ज्याच्या आयुष्यात दिसते, त्याच्यापाशी जरा थांबायला हवे. स्टू उंगर १९५३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मला. त्याचा मूळ खेळ पोकर नव्हताच. तो जिन रमीचा बादशहा होता. त्यात तो इतका पुढे गेला की पैशांवर त्याच्यासमोर बसायला कोणी तयार होईना, म्हणून तो पोकरकडे वळला. १९८० मध्ये जागतिक स्पर्धा जिंकला, १९८१ मध्ये पुन्हा जिंकला. समोरच्याने कोणते पान का टाकले, हे तो पुस्तक वाचावे तसे वाचायचा. जिंकलेले पैसे मात्र घोड्यांच्या शर्यतीत आणि अमली पदार्थांत जात. १९९० च्या स्पर्धेत तो तिसऱ्या दिवशी आलाच नाही; हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडला. आदल्या दोन दिवसांत त्याने एवढ्या चिप्स जमवल्या होत्या की रिकाम्या खुर्चीपुढून ठरलेली वजावट होत होत त्या पुरल्या, आणि गैरहजर उंगर नववा आला.

१९९७ मध्ये फी भरायलाही त्याच्याकडे पैसे नव्हते. बिली बॅक्स्टर या मित्राने १०,००० डॉलर घातले आणि उंगर तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. १० लाख डॉलर, त्यातले निम्मे बॅक्स्टरचे. नोव्हेंबर १९९८ मध्ये तो एका स्वस्त मोटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. वय ४५. अंत्यविधीसाठी ओळखीच्यांनी वर्गणी काढली. त्याच्याइतकी बुद्धी या खेळात फार थोड्यांना लाभली असेल, असे त्याच्याबरोबर खेळलेले सांगतात. तरी पाने टाकून देण्याची अक्कल त्याला टेबलाबाहेर वापरता आली नाही.

ही अक्कल म्हणजे काय, ते एका डावात पाहू. तुमच्या हातात बदामची दोन पाने आहेत, टेबलावरच्या चार उघड्या पानांत आणखी दोन बदाम. शेवटचे पान बदाम आले की एकाच रंगाची पाच पाने, म्हणजे तुमचा कलर. तेरा बदामांपैकी चार दिसले, नऊ उरले. न दिसलेली पाने ४६. म्हणजे शक्यता ४६ मध्ये ९, सुमारे साडेएकोणीस टक्के. मध्ये ८०० रुपये आहेत आणि समोरच्याने २०० टाकले. आता हजारासाठी तुम्हाला दोनशे घालायचे; एकूण १,२०० पैकी २००, म्हणजे १७ टक्क्यांहून कमी. घाला. त्याने २०० ऐवजी ८०० टाकले असते तर २,४०० पैकी ८००, म्हणजे ३३ टक्के. पाने टाका. दुसऱ्या वेळी शेवटचे पान बदाम आलेच, तरी टाकणे बरोबरच होते. लागलेल्या डावाला बरोबर आणि हुकलेल्याला चूक म्हणायचे नाही, हे ज्याच्या हाडीमांसी मुरते तोच विजेता होतो. त्याला बहुतेक डाव खेळायचेच नसतात; एक्क्यांची जोडी तर सरासरी २२१ डावांत एकदा येते.

या मोजणीला कायद्याने मान दिला तो आपल्याच जुन्या राज्यात. सिल्लोडचा परिसर १९५६ पर्यंत हैदराबादमध्ये होता आणि तिथे फसली १३०५ चा हैदराबाद जुगार कायदा लागू होता. त्याच कायद्याखाली १९६३ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबवर रमीसाठी छापा पडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २२ नोव्हेंबर १९६७ रोजी न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांच्या निकालाने ठरले: पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते, म्हणून रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ. त्याच निकालात तीन पानांचा फ्लश किंवा ब्रॅग हा निव्वळ नशिबाचा खेळ म्हटला आहे. म्हणजे तिर्रट रेघेच्या त्या बाजूला गेला आणि रमी या बाजूला आली. पोकर कुठे, यावर उच्च न्यायालयांचे एकमत झाले नाही. कर्नाटकात २०१३ मध्ये तो कौशल्याच्या बाजूने धरला गेला, गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला नशिबाचा ठरवले.

महाराष्ट्र आणि गोवा यांची १९७६ सालची गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्या वर्षी महाराष्ट्राने कॅसिनोंना परवाना देणारा कायदा केला आणि गोव्याने जुगाराला बंदी करणारा. महाराष्ट्राचा कायदा एक दिवसही अंमलात आला नाही. २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्याने मात्र १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांना यंत्रांवरच्या खेळांची मुभा दिली आणि १९९६ मध्ये जहाजांवर कॅसिनोची. मुंबई-पुण्याची पोकर खेळणारी मुले म्हणून मांडवीतल्या जहाजांवर जाऊ लागली. भारतातल्या मोठ्या स्पर्धा तिथे रंगल्या. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या स्वतःच्या रहिवाशांना मात्र या कॅसिनोंत प्रवेश बंद आहे.

बाहेरच्या जगात २००३ हे वर्ष निर्णायक ठरले. टेनेसीचा लेखापाल ख्रिस मनीमेकर इंटरनेटवर ८६ डॉलरची पात्रता फेरी जिंकून लास वेगासला गेला आणि ८३९ खेळाडूंमधून २५ लाख डॉलर घेऊन परतला. तीन वर्षांत मुख्य स्पर्धेतल्या प्रवेशिका ८,७७३ झाल्या. भारताच्या वाट्याला पहिली ब्रेसलेट २०१७ मध्ये आली: निपुण जावा यांना दोन, त्यातले एक आदित्य सुशांत यांच्याबरोबर जोडीने. २०१८ मध्ये निकिता लूथर ब्रेसलेट जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवले. कोलकात्याचे हे दोघे, वये ६० आणि ५६. त्या पदकाने पत्त्यांना घराघरांत जी प्रतिष्ठा मिळाली ती पोकरच्या ब्रेसलेटने मिळाली नाही, आणि ते न्याय्यच होते, कारण ब्रिजच्या स्पर्धेत कोणाचे घर पणाला लागत नाही.

स्पर्धक पोकरपटूची कारकीर्द कागदावर कशी दिसते, तेही मांडून पाहावे. समजा त्याने वर्षात १०,००० रुपयांच्या १०० स्पर्धा खेळल्या. दहा लाख गेले. पंधरा वेळा बक्षिसात आला. चौदा वेळा २०,००० आणि एकदा ८ लाख. मिळाले १० लाख ८० हजार, नफा ८० हजार. तो एक दिवस हुकला असता तर तोटा ७ लाख २० हजार. १९६१ च्या आयकर कायद्याने पत्त्यांच्या जिंकलेल्या पैशावर ३० टक्के कर लावला आणि खर्चाची वजावट नाकारली. तो भरला की चांगल्या वर्षीही हातात काही राहत नाही. इंटरनेटवर खेळाडूंच्या नावापुढे जे कोटींचे आकडे दिसतात ते जिंकलेल्या रकमेचे असतात, भरलेली फी त्यातून वजा केलेली नसते. मोठ्या फीच्या स्पर्धांत तर खेळणारा बऱ्याचदा आपल्या हिश्शाचे तुकडे इतरांना विकून बसतो, उंगरने बॅक्स्टरला दिले तसे.

आणि मग हे सारे मोबाइलमध्ये आले. स्वस्त डेटा आला, टाळेबंदी आली, क्रिकेटपटू आणि सिनेनटांच्या जाहिराती आल्या. खेड्यापर्यंत पोचला तो विजेत्याचा फोटो. फीची मर्यादा, हिशेबाची वही, पाने टाकण्याचा संयम यातले काही पोचले नाही. इथे कोणी उठा म्हणत नाही. मध्यरात्री बोटाच्या एका स्पर्शाने पुन्हा पैसे भरता येतात, कपाशीचे आले असतील तर कपाशीचे, मुलीच्या फीचे असतील तर फीचे. १९६७ च्या निकालाने रमीला दिलेले कौशल्याचे प्रमाणपत्र कंपन्यांनी ढालीसारखे वापरले. पण पान कुठले टाकायचे हे कळणे वेगळे आणि खेळ कधी बंद करायचा हे कळणे वेगळे. न्यायालयापुढे प्रश्न पहिल्याचाच होता. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत एका मंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याच्या चित्रफितीवरून राज्यभर गदारोळ झाला. त्यांनी आरोप नाकारला, तरी त्यांच्याकडचे कृषिखाते गेले आणि क्रीडाखाते आले. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या राज्यात लोक एवढे का चिडले, हे समजणे अवघड नाही.

महिनाभरातच, २२ ऑगस्ट २०२५ रोजी, ऑनलाइन पैशांच्या खेळांवर देशभर बंदी घालणाऱ्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा सहा दशकांचा वाद त्याने ऑनलाइन खेळांपुरता बाजूला ठेवला. पैसे लावून जिंकायचा खेळ म्हणजे बंद. असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षे आणि ५० लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कंपन्यांनी न्यायालयात आव्हान दिले. मला विचाराल तर सरसकट बंदीने चोरवाटा उघडतील ही भीती खरी आहे, तरीही खेळणाऱ्याला आरोपी न करण्याचा या कायद्यातला निर्णय अगदी योग्य आहे. तिर्रटच्या छाप्यात ज्यांची नावे येतात त्यांच्या घरच्यांना विचारा, हे का म्हणतो ते.

तुमच्या घरातला, गल्लीतला एखादा मुलगा पोकरमध्ये करिअर करायचे म्हणत असेल तर त्याच्यावर ओरडू नका आणि त्याच्या जिंकलेल्या रकमेचा स्क्रीनशॉटही पाहू नका. त्याच्याकडे वही मागा: भरलेली फी डावीकडे, मिळालेले उजवीकडे, वर्षभराची, तारखांसकट. वही नसेल, किंवा असून तो ती दाखवत नसेल, तर पैसे जाऊ लागले आहेत असे समजा आणि उशीर करू नका. टेलि-मानस ही सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. तिथे मराठीतून बोलता येते.